मुंडीचा मानकरी

आमच्या वाड्यावर प्रत्येकाला एक काम नेमून दिलेलं असायचं. कुणी मेंढ्या हाकायच्या, कुणी घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, कुणी पुढं जाऊन पाण्याची जागा बघून यायची. माझं काम बोलणी खायचं होतं.

वाडा म्हणजे आम्हा धनगरांच्या चार घरांची मेंढरं, घोडी, कोंबड्यांची पाटी, पोरंबाळं आणि वर आभाळ. कळप कितीही सांभाळला तरी कधी ना कधी कुणाच्या तरी उभ्या हरभऱ्यात तोंड घालणारच. मग शेताचा मालक ओरडत येणार. अशा वेळी सगळेच पुढं धावले की प्रत्येक जण म्हणतो, माझं मेंढरू नव्हतं, त्याचं होतं. त्यानं मालकाचा राग दुप्पट होतो आणि काठ्या निघतात. म्हणून एकच माणूस नेमलेला. त्यानं एकट्यानं पुढं जायचं, पटका काढून हातात घ्यायचा, उकिडवं बसायचं आणि म्हणायचं, "चुकलं, मालक." त्याच्या पुढं एक शब्द बोलायचा नाही. मेंढरू कुणाचं होतं हे तर सरणावर गेलं तरी सांगायचं नाही.

यात बसण्याला फार महत्त्व आहे. उभ्या माणसाशी भांडता येतं. बसलेल्या माणसाला शिव्या द्यायच्या तर वाकावं लागतं, आणि वाकून माणूस किती वेळ शिव्या देणार? थोड्या वेळानं त्याची कंबर धरते, घसा सुकतो आणि तो म्हणतो, "पाणी हाय का रं?" पाणी मागितलं की आपलं काम झालं. मी तांब्या कायम भरून ठेवायचो. ताम्हिणीचा घाट उतरून कोकणात जाईपर्यंत वाटेतल्या सगळ्या गावांत माझं नाव होतं. एका पाटलानं तर शिव्या देऊन झाल्यावर मला जेवायला थांबवलं, आणि पुढच्या साली मेंढरं त्याच्या शेतात शिरलीच नाहीत तेव्हा तो स्वतः चौकशी करायला आला.

या कामाला मान होता. बिरोबाच्या जत्रेला बकरं पडलं की मुंडी बोलणी खाणाऱ्याची. काळजावरनं, मांडीवरनं भांडणं व्हायची, पण मुंडीकडं कुणी बोट दाखवायचं नाही.

गुडघे गेले तसं माझं चालणं सुटलं. आता कळप आमचा मल्हार नेतो. दर साली दिवाळीनंतर कोकणात उतरताना तो चालू न शकणाऱ्या गाभण मेंढ्या आणि चालू न शकणारा बाप, दोन्ही त्याच्या आईच्या, अंबाबाईच्या ताब्यात देऊन जातो.

आम्ही राहतो मारुंजीत, भिवाजीतात्यांच्या जागेत. पूर्वी त्यांच्या भाताच्या खाचरात आमची मेंढरं खतासाठी बसायची. त्या खाचरावर तात्यांनी तीन मजली इमारत बांधली आणि एका सॉफ्टवेअर कंपनीला भाड्यानं दिली. मी भेटायला गेलो तेव्हा तात्या म्हणाले, "धुळा, इमारतीला काय खत लागत न्हाई. पर बागंला पाणी घालायला आन् गेट उघडायला मानूस लागतो. मागच्या मोकळ्या जागंत तुझी मेंढरं ऱ्हाऊ देत. फकस्त कंपनीकडनं माझ्याकडं तक्रार आली न्हाई पायजे. आली तर त्याच दिशी मेंढरं घिऊन वाटंला लागायचं. मंग मी जुनी वळख बघनार न्हाई."

मी हो म्हणालो. दुसरी जागा होती कुठं? इकडं हिंजवडी, तिकडं सूस, पुढं बावधन, सगळीकडं सोसायट्या उभ्या राहिल्यात. सोसायटीच्या गेटवर मेंढरू दिसलं की लोक आधी त्याचा फोटो काढतात आणि मग हाकलतात.

कंपनीचं काम सोपं होतं. कुणाचं पार्सल कुठं पोचलं ते मोबाइलमधल्या नकाशावर ठिपक्यानं दाखवायचं. तेवढ्यासाठी तीन मजले माणसं दिवसभर बसायची. त्यांचे म्होरके अनिमेष साहेब. बोलायला गोड, दाढी कोरलेली, गळ्यात ओळखपत्राची निळी फीत. आणि जुईली नावाची एक मुलगी होती. ऑफिसातलं निम्मं काम तीच करते असं सगळे चहाच्या वेळी म्हणायचे, अनिमेष साहेब चहाला नसले की.

एका दुपारी सगळे पार्किंगमध्ये चहा पीत उभे होते. मी जास्वंदीला पाणी घालत होतो. अनिमेष साहेब मोबाइल छातीशी धरून जिना उतरत आले. नकाशावरचे सगळे ठिपके एकाएकी मुळशीच्या धरणात जाऊन बसले होते. देशभरातली पार्सलं, कुणाचे बूट, कुणाचं मिक्सर, कुणाच्या लग्नाचा शालू, सगळं धरणाच्या मध्यावर. फोनवर बंगळूरच्या मोठ्या मॅडम होत्या, कल्पना मॅडम.

"हे कोणामुळे झालं असं मॅडम विचारतायत," साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "मला एक नाव हवंय. आत्ता."

सगळे आपापल्या बुटांकडं बघायला लागले. जुईलीनं भरलेला कप तसाच खाली ठेवला. मला हा देखावा पाठ होता. हरभरा नव्हता एवढंच. माझा हात आपोआप पटक्याकडं गेला. पाण्याचा पाइप सोडला, साहेबांच्या पुढ्यात जाऊन उकिडवा बसलो आणि म्हणालो, "चुकलं, साहेब. माझ्याकडनं झालं."

साहेबांनी माझ्याकडं नीट पाहिलंसुद्धा नाही. बुडत्या माणसानं फांदी धरावी तसं त्यांनी ते नाव धरलं.

"हो मॅडम, कळलं. धुळा. धुळाच्या साइडने झालंय." मग थोडं ऐकून घेतलं. "हो, हो. मी त्याच्याशी बोलतो."

फोन ठेवला, मोठा श्वास सोडला, माझ्याशी काहीही न बोलता चहा घेतला आणि वर निघून गेले.

जुईली मागं राहिली. "मामा, हे काय केलंत तुम्ही?"

"तुजं मेंढरू व्हतं का?"

"काय?"

"धरणात गेलेलं. तुजं व्हतं का?"

तिनं मान हलवली. व्हय अशी.

"मंग कुनाला सांगू नगंस. जा, हाकून आन त्येस्नी भाईर."

सूर्य मावळायच्या आत सगळी पार्सलं धरणातनं निघून आपापल्या रस्त्याला लागली.

मी अंबाबाईला सांगितलं तेव्हा ती मेंढ्यांना पाला टाकत होती. "वाड्यावरची कमी पडली म्हनून इमारतीतली बी खायाला लागला व्हय?" ती म्हणाली. "तितं कोन तुमास्नी मुंडी देनार हाय?"

"देतील की. काम तेच हाय, रीत बी तीच असंल."

"बघा बरं. इंग्रजी बकऱ्याला मुंडी असती का ते इचारून घ्या."

तिथनं सुरुवात झाली. दोन दिवसांनी साहिल नावाचा पोरगा चहाचे दोन कप घेऊन जास्वंदीपाशी आला आणि इकडं तिकडं बघत म्हणाला, "मामा, माझं पण एक आहे. घ्याल?"

घेतलं. मग रीघ लागली. दुसऱ्या मजल्यावरचे आले, तिसऱ्यावरचे आले. मी दोन अटी घातल्या. आधी चहा, आलं घालून. आणि काय चुकलं ते मला समजावत बसायचं नाही. साहिलनं एकदा मला डेटाबेस म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली तेव्हा मी त्याची चूक त्याला परत दिली. चोरीची आणि खोट्या आजारपणाची बोलणी मात्र मी वाड्यावरही कधी खाल्ली नव्हती, इथंही खाल्ली नाहीत.

एकदा कल्पना मॅडम हट्टाला पेटल्या की धुळाला व्हिडिओवर आणाच. साहेबांना घाम फुटला. मला वर नेलं, काचेच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर एका गुबगुबीत खुर्चीवर बसवलं. पण बोलणी खुर्चीवर बसून खातात का? मॅडम पडद्यावर आल्या तसा मी खुर्चीपुढं जमिनीवर उकिडवा बसलो, पटका काढून दोन्ही हातांनी वर धरला.

"अनिमेष, मला रिकामी खुर्ची दिसतेय," मॅडम म्हणाल्या. "आणि खाली एक लाल काहीतरी."

"धुळाच आहेत, मॅडम. त्यांचा कॅमेरा जरा वर झालाय."

"चुकलं, मॅडम," मी खालनं म्हणालो.

"धुळा, तुम्ही निदान कबूल तरी करता," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी त्या लाल पटक्याला बराच वेळ झापलं. शेवटी पाणी प्यायल्याचा आवाज आला. मी उठलो.

खरं सांगायचं तर ऑफिस सुधारलं. पूर्वी चूक झाली की ती लपवायची, मग ती आत आत वाढायची. आता चूक झाली की चहा गार व्हायच्या आत माझ्याकडं यायची. डोक्यावरचं ओझं उतरलं की पोरं सरळ जागेवर जाऊन ती दुरुस्त करायची. काम झपाझप व्हायला लागलं. चांगलं झालं की बंगळूरला जाणाऱ्या मेलमध्ये अनिमेष साहेबांचं नाव, बिघडलं की माझं. जुईलीनं मला एकदा मोबाइलवर ते दाखवलं. मला मराठी अक्षरं म्हातारपणी कळायला लागली, इंग्रजी अजून नाहीत, म्हणून मी नुसता आकार बघितला. माझं नाव साहेबांच्या नावापेक्षा जास्त वेळा आलं होतं.

अंबाबाई म्हणाली, "धार त्यो काढतुया आन् लाथा तुमी खाताय. झ्याक जमलंय दोगांचं."

"जत्रा येऊ दे," मी म्हणालो.

आणि जत्रा आली. जुईली धावत सांगायला आली. कामावर मोठं गिऱ्हाईक खूश झालं होतं. शुक्रवारी कल्पना मॅडम स्वतः येणार होत्या. पार्किंगमध्ये मांडव, सगळ्यांना जेवण, आणि ज्याच्यामुळं काम तडीला गेलं त्याला मॅडमच्या हातनं बक्षीस.

"काय असतं त्येच्यात?" मी विचारलं.

"काचेचं असतं, मामा. एवढं. वर गोल, खाली निमुळतं. आपल्या नकाशावरच्या खुणेसारखं."

वर गोल आणि खाली निमुळतं. मी मान डोलावली. शिंगं नसलेलं बकरू असेल.

"आणि मॅडमनी एक ओळ मुद्दाम लिहिलीय," जुईलीचा आवाज खाली आला. "'मला धुळाला प्रत्यक्ष भेटायचंच आहे.' अनिमेष सरांनी ती वाचली तेव्हापासून ते नुसते येरझाऱ्या घालतायत."

दुसऱ्याच सकाळी भिवाजीतात्या मागच्या जागेत आले. माझ्याकडं न बघता मेंढ्यांकडं बघत म्हणाले, "धुळा, तक्रार आली बाबा."

"कशाची?"

"मेंढरांचा वास येतुया म्हनं. दोन वर्सं आला न्हाई, काल रातच्यात आला. मला बी पटत न्हाई, पर बोलनं झालं व्हतं आपलं. शुक्रवारी मॅडम यायच्या आत जागा मोकळी करायची."

अंबाबाई चांदीपाशी बसली होती. चांदी आमची जुनी मेंढी, कपाळावर पांढरा ठिपका. "तात्या, हिकडं या आन् हिच्या पोटाला हात लावून बघा," ती म्हणाली. "पार खाली आलंय. दोन हायेत आत. हिला आता रस्त्यानं चालवली तर चांदणी चौकात पडंल. ट्रकखाली कोकरं काढू का?"

तात्यांनी हात लावला. मग तो धोतराला पुसला. "मी काय करू, अंबाबाई? कंपनीनं तक्रार मागं घेतली तर माझी कायबी हरकत न्हाई. जलमभर ऱ्हावा."

मी अनिमेष साहेबांना गाठलं. ते मांडववाल्याला खुर्च्या कशा मांडायच्या ते सांगत होते.

"साहेब, मेंढी व्यायला झालीया. तेवढी तक्रार मागं घ्या."

"मामा, प्लीज समजून घ्या ना. मॅडम येऊन जाऊ देत, मग बघू आपण."

"बक्षीस कुनाला हाय?"

साहेबांनी मांडवाच्या दोरीकडं पाहिलं. "टीमला. म्हणजे टीमच्या वतीने मला."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस मला वाटत होतं माणूस घाबरलाय. तो घाबरला नव्हता, मुंडी वाचवत होता. बोलण्यांचं मला काही नाही, आयुष्य गेलं त्यात. पण मुंडी वाटायच्या दिवशी नेमका बोलणी खाणारा वाड्याबाहेर काढायचा, असं घाटावर नाही की कोकणात नाही, कुठं झालेलं मी ऐकलं नव्हतं.

"आता तरी गप बसू नगा," अंबाबाई म्हणाली.

"गपच बसायचं असतंय," मी म्हणालो. "पर म्होरं जाऊन बसायचं."

आम्ही जागा सोडली नाही. शुक्रवारी सकाळी चांदीनं पाला तोंडात घेतला नाही. सारखी उठायची, बसायची, पायानं माती उकरायची. अंबाबाई पदर खोचून तिच्यापाशी बसली. मी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो, पटका नवा बांधला, खांद्यावर घोंगडी घेतली आणि घोंगडीखाली तांब्या.

मांडव भरला होता. इमारतीचे मालक म्हणून भिवाजीतात्या फेटा बांधून पहिल्या रांगेत. मला बघून त्यांनी कपाळाला हात लावला. कल्पना मॅडम अंगानं लहानखुऱ्या, चष्मा, पांढरी साडी, मूळच्या सोलापूरकडच्या, बोलणं अगदी रोखठोक. आधी अनिमेष साहेब बोलले. मी ठरवलं, मी उभं केलं, मी टीमला धीर दिला, पार्सलं घरोघर पोचली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. 'मी' किती वेळा आलं ते पोरं बोटांवर मोजत होती आणि बोटं संपली.

मग मॅडमनी टेबलावरचं फडकं काढलं. काचेची मुंडी. शिंगं नाहीत आणि डोळा एकच, पण मुंडीच.

"ज्याच्यामुळे हे काम तडीला गेलं," मॅडम म्हणाल्या, "त्या माणसाने पुढे यावं."

अनिमेष साहेबांनी एक पाय पुढं टाकला. तोवर मी मधल्या वाटेनं मॅडमच्या पुढ्यात पोचलो होतो. पटका काढला आणि उकिडवा बसलो.

"हे कोण?" मॅडमनी विचारलं.

"धुळा," मी म्हणालो.

"कोण धुळा?"

"त्योच."

मॅडमची नजर माझ्या हातातल्या पटक्यावर गेली. "ते लाल," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "सगळी पार्सलं धरणात?"

"चुकलं, मॅडम."

"नागपूरच्या आजीबाईंची औषधं चार दिवस गोव्याच्या बीचवर दाखवली ती?"

"चुकलं."

"आणि दिवाळीला लाखभर ग्राहकांना मेल गेला. 'टेस्ट टेस्ट आज डब्यात काय आहे.' तो?"

"चुकलं, मॅडम."

या बाईनं वर्षभर साठवून ठेवलं होतं. फोनवर, पडद्यावर ते नीट बाहेर पडत नाही, मला माहीत आहे. समोर माणूस बसलेला लागतो. त्यांनी मला झाडायला सुरुवात केली. मराठीत झाडलं, इंग्रजीत झाडलं, एकदोन शब्द खास सोलापूरकडचे होते, ते मी पूर्वी एका बागाईतदाराकडनं ऐकले होते. फार चांगलं झाडलं. मी मधे मधे मान हलवत होतो. अनिमेष साहेब मागं एक पाय पुढं टाकूनच उभे होते. शेवटी मॅडमचा हात कमरेवर गेला.

"पाणी आहे का?" त्या म्हणाल्या.

मी घोंगडीखालनं तांब्या काढून दिला. त्या घटाघट प्यायल्या.

"आता मुंडी द्या," मी म्हणालो.

"काय देऊ?"

मग मी त्यांना रीत सांगितली. हरभरा सांगितला, पटका सांगितला, मेंढरू कुणाचं ते का सांगायचं नसतं ते सांगितलं, बिरोबाची जत्रा सांगितली. मॅडम ऐकता ऐकता स्टेजच्या पायरीवर बसल्या, साडीचा विचार न करता.

"म्हणजे यातली एकही चूक तुमची नाही?"

"बोलनी माझी हायेत, मॅडम. मेंढरं कुनाची ते तुमी इचारायचं नसतंय."

मॅडमनी मांडवाकडं पाहिलं. जुईली उठून उभी राहिली. "धरणातली पार्सलं माझी, मॅडम."

"आजीबाईंची औषधं माझी," साहिल म्हणाला.

"डब्याचा मेल माझा," मागनं कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं.

मला फार वाईट वाटलं. सगळी रीत मोडली होती. पण मॅडम हसायला लागल्या. चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या.

"मी इथे तुम्हाला काढायला आले नव्हते, धुळा. आमच्या बाकीच्या ऑफिसांत चूक कोणी केली हे कळायला आठवडा जातो. इथे तासाभरात दुरुस्त होते आणि दरवेळी शेजारी तुमचं नाव. मला वाटलं काय जबरदस्त माणूस आहे. मी तुम्हाला बंगळूरला न्यायला आले होते."

"तितं मेंढरांना जागा हाय का?"

"नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या."

मॅडमनी काचेची मुंडी उचलून माझ्या हातात दिली. चांगली जड होती. टाळ्या वाजल्या, सगळ्यात जोरात भिवाजीतात्यांच्या.

अनिमेष साहेब हुशार माणूस. वारा कुठनं सुटलाय ते त्यांना लगेच कळतं. ते पुढं आले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "मॅडम, आता खरं बोलतो. ती पार्सलं धरणात गेली ती माझी चूक. लीडर म्हणून मूळ चूक माझीच."

"नाही, ती माझी होती," जुईली म्हणाली.

"जुईली, तू ज्युनिअर आहेस. एवढी मोठी चूक तुझ्या लेव्हलची नाही."

"मी स्वतः केलीय ती, सर."

"माझ्या मार्गदर्शनाखाली केलीस. आजीबाईंची औषधंही माझीच. साहिल, तू मधे पडू नकोस. मॅडम, वर्षभरात इथे जेवढ्या म्हणून चुका झाल्या, त्या सगळ्या माझ्या. एकूण एक."

पहिल्या रांगेतनं फेटा उठला. "साहेब," भिवाजीतात्या म्हणाले, "सगळ्या तुमच्याच म्हंता?"

"सगळ्या, तात्या."

"मंग ती मेंढरांच्या वासाची तक्रार? ती कुनाची चूक?"

"कसली तक्रार?" मॅडमनी विचारलं.

अनिमेष साहेबांनी तात्यांकडं पाहिलं, मॅडमकडं पाहिलं, माझ्या हातातल्या मुंडीकडं पाहिलं. एवढा ढीग गोळा केल्यावर एक चूक दुसऱ्याला सोडून द्यायचं त्यांच्या जिवावर आलं.

"तीपण माझीच," ते म्हणाले.

"म्हंजी मागं घेतली?"

"घेतली."

"झालं तर मंग," तात्या खाली बसले. "आता जेवायला वाढा."

एवढ्यात मांडवाच्या मागनं अंबाबाई आली. कोपरापर्यंत हात भरलेले, केस सुटलेले. सगळ्या खुर्च्यांमधनं सरळ चालत माझ्यापुढं आली.

"झाली का मुंडी? झाली असंल तर चला. चांदी व्याली. दोन झाली. एक आडवं आलतं, मी एकटीनं फिरवून वढलं, आन् तुमी हितं काचंचं भांडं घिऊन बसलाय."

मी पटका काढला आणि खाली बसलो. "चुकलं," म्हणालो.

मॅडम चपला काढून कोकरं बघायला आल्या. त्यांच्यामागं सगळं ऑफिस आलं. जेवणं गार झाली.

अंबाबाईनं काचेची मुंडी उलटीसुलटी करून बघितली. "हिचा रस्सा कसा करत्यात?" एवढंच म्हणाली, आणि ती कोकरांच्या जाळीच्या कुंपणाच्या खुंटाला बांधून ठेवली. ऊन पडलं की चमकते, त्यामुळं कावळे कोकरांजवळ येत नाहीत. कामाची वस्तू आहे.

सोमवारी सकाळी अनिमेष साहेब चहाचे दोन कप घेऊन मागच्या जागेत आले. आलं घातलेला होता. डोळे सुजल्यासारखे.

"मामा, माझं एक आहे. म्हणजे सगळंच आहे. मॅडमनी त्या सगळ्या चुका माझ्या नावावर मान्य केल्यात. साडेदहाला व्हिडिओवर त्यावर बोलणार आहेत. घ्याल?"

"न्हाई, साहेब. आपल्या तोंडानं मागून घेतलेली बोलनी दुसऱ्याला देता येत न्हाईत. पर कसं बसायचं ते शिकवतो."

त्यांनी पँट वर ओढली आणि उकिडवं बसायला गेले. टाचा टेकेनात. मागं पडले, लेंड्यांत. पुन्हा बसले, या वेळी खुंटाला धरून. चांदीच्या धाकट्या कोकरानं त्यांच्या गळ्यातली निळी फीत तोंडात घेऊन चघळायला सुरुवात केली.

"ऱ्हाऊ द्या, मालक वराडत असताना बी असंच व्हतं," मी म्हणालो. "नजर खाली. तोंडातनं एकच शबूद."

"पर सराव झाल्याबिगर कसं जमनार?" अंबाबाई पाला टाकून पुढं आली आणि कमरेवर हात ठेवून साहेबांसमोर उभी राहिली. "मी बोलते. तुमी निस्तं चुकलं म्हना."

आणि ती बोलायला लागली. वासापासून सुरू केलं, चांदीवर आली, मग मी, मग आमचा मल्हार, मग ज्यांच्याशी साहेबांचा काही संबंध नाही असे माझ्याकडचे पाहुणे. साहेब चुकलं चुकलं म्हणत राहिले. चांगलं म्हणत होते, आवाजात दम होता.

बऱ्याच वेळानं तिचा घसा सुकला आणि तिनं पाणी मागितलं. तांब्या भरून ठेवायचा मात्र साहेब विसरले होते, म्हणून तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.